जखमेसाठी आणि त्वचेसाठी झाडपाल्याचे अर्क: काढा, तेल, मलम घरी नीट कसं करायचं

पाला शोधायच्या आधी जखम बघा. किती खोल आहे, कशानं झाली, आत माती किंवा गंज गेलाय का, आणि ज्याला लागलंय त्याला साखर आहे का, या चार गोष्टी ठरल्याशिवाय काहीही कुटायला घेऊ नका. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात औषधी झाडपाल्याला तोटा नाही. बांधावर दगडीपाला आहे, परसात कोरफड आहे, कृष्णाकाठी हळद पिकते, जांबोटी-कणकुंबीकडे कोकम आहे. पण या पाल्यातलं औषध जखमेपर्यंत पोचायचं तर ते कशात उतरतं, किती लागतं आणि किती दिवस टिकतं हे माहीत हवं. नाहीतर औषधाबरोबर बुरशी आणि मातीही जखमेत जाते.

कशावर घरचं काहीही लावायचं नाही

कुत्रं, मांजर, माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली सलग १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करायची. तिथं हळद, मिरचीपूड, चुना, रुईचा चीक यातलं काहीही नको. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर उपाय नाही, त्यामुळे इथं वाट बघण्यात अर्थ नाही.

ऊसतोडीतला कोयत्याचा घाव खोल असेल, कडा एकमेकींपासून सुटलेल्या असतील, बोट हलत नसेल किंवा बधिर झालं असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि टाके घालायला न्या. १० मिनिटं न उचलता दाबून ठेवलं की बहुतेक लहान जखमांचं रक्त थांबतं. दर मिनिटाला कापड उचलून बघितलं की धरलेली गाठ सुटते आणि पुन्हा वाहायला लागतं.

मातीत, शेणात, गंजक्या पत्र्यानं झालेल्या जखमेला धनुर्वाताची भीती असते. शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर अशा जखमेला पुन्हा घ्यावं लागतं, जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल तर १० वर्षं. कधी घेतलं ते आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या.

साखरेच्या रुग्णाच्या पायाची जखम, मग ती नखाएवढी का असेना, घरी हाताळू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, दुखत नाही म्हणून बरं वाटतंय असा समज होतो आणि आत पू पसरत जातो.

निपाणी भागासाठी तंबाखूचं वेगळं सांगायला हवं. रक्त थांबवायला चिमूटभर तंबाखू दाबायची सवय अजून आहे. निकोटीन कातडीतूनही अंगात जातं आणि उघड्या जखमेतून तर जास्तच. लहान मुलाला त्यानं घाम, मळमळ, उलटी, चक्कर होऊ शकते. शिवाय ती तंबाखू किती हातांतून आणि कुठल्या फरशीवरून आली याचा पत्ता नसतो. रक्त दाबल्यानं थांबतं. तंबाखू काढून नुसतं दाबलं तरी तेवढंच थांबेल.

भाजल्यावर पहिली २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नको. फोड फोडायचा नाही. चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, किंवा भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल, तर दवाखाना.

धुणं आणि झाकणं

खरचटणं, वरवरचा काप, उसाच्या पातीनं चिरलेला हात, ढेकळात फुटलेलं बोट: घरचा उपाय चालतो तो अशा जखमांवर. त्यांना धुवायला पिण्याचं स्वच्छ पाणी पुरतं. विहिरीचं किंवा कॅनॉलचं असेल तर १० मिनिटं उकळून कोमट करून घ्या. भांड्यातून धार धरून किमान ५ मिनिटं धुवा, नुसतं ओल्या कापडानं पुसू नका. आत दिसणारा खडा स्वच्छ चिमट्यानं काढा.

त्यानंतर जखम झाकायची. आपल्याकडे ‘वारं लागू दे, खपली धरू दे’ म्हणतात. पण १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर केलेल्या प्रयोगात ओलसर झाकून ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगानं आली. उघडी जखम वाळते, नव्या कातडीला कोरड्या खपलीखालून वाट काढत यावं लागतं. म्हणून साध्या मलमाचा पातळ थर लावून वर स्वच्छ गॉज, आणि ते रोज बदलायचं. गॉज चिकटलं असेल तर ओढून काढू नका, उकळून थंड केलेल्या पाण्यानं भिजवून सोडवा.

कशात काय उतरतं

अर्क म्हणजे पाल्यातला कामाचा भाग दुसऱ्या कशात तरी उतरवून घेणं. इथंच बहुतेकांचं चुकतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात उतरतं. त्यामुळे हळदीचं पाणी पिवळं दिसलं तरी त्यातली बरीचशी हळद तळाशीच बसलेली असते. उलट वड, पिंपळ, उंबराच्या सालीतला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, पाण्यात उतरतो आणि तेलात उतरत नाही. कारिवण्यातली (मंडूकपर्णीतली) संयुगं तेलात फार कमी येतात, ग्लिसरीन-पाण्याच्या मिश्रणात चांगली येतात. म्हणून सालीचा काढा, हळदीचं तेल, कारिवण्याचा ग्लिसरीन अर्क. एकाच कढईत सगळं टाकून ‘सर्वगुणी’ तेल करायचा मोह टाळा.

स्पिरिटमधला अर्क उघड्या जखमेवर नको. आग होते ती होतेच, शिवाय नव्यानं तयार होणाऱ्या पेशीही जळतात.

सालीचा काढा: धुण्यासाठी

वड, पिंपळ, उंबर यांची वाळलेली साल प्रत्येकी साधारण १७ ग्रॅम, म्हणजे एकूण ५० ग्रॅम. भरड कुटा, पीठ करू नका; पीठ गाळताना फडक्यात बसतं आणि काढा गढूळ राहतो. ८०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी झाकण न ठेवता मंद आचेवर उकळून २०० मिलीपर्यंत आटवा. एक भाग औषध, १६ भाग पाणी, चौथाई उरवायचं, हे आयुर्वेदातलं जुनं माप आहे. माप चुकू नये म्हणून आधी भांड्यात २०० मिली पाणी ओतून लाकडी चमच्यावर त्या उंचीला खूण करून घ्या.

भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत टॅनिन आणि लोह मिळून काढा शाईसारखा काळा होतो आणि त्याचा डाग कातडीवर राहतो. काढा चार पदरी, उकळून वाळवलेल्या मलमलीतून गाळा. सकाळचा काढा संध्याकाळपर्यंतच वापरायचा, उरलेला ओतून टाकायचा. त्यात जपणूक करणारं काहीच नसतं. वरून साय धरल्यासारखा पापुद्रा, तार येणं किंवा आंबूस वास म्हणजे तो गेला.

याचा उपयोग ओघळणाऱ्या, चिघळल्यासारख्या वरवरच्या जागेला, घामानं मांडीत-काखेत लाल झालेल्या कातडीला. कोमट काढ्यात गॉज भिजवून, पिळून, १० मिनिटं ठेवायचं, दिवसातून दोनदा. तुरट द्रव्यांनी ओल कमी होते. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला हा काढा लावू नका, ती आणखी ताणली जाते.

साल काढताना खोडाभोवती गोल पट्टी कधीच सोलू नका, झाड वाळतं. छाटलेल्या फांदीची साल घ्या. हमरस्त्याकडेचं झाड टाळा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून काहीही तोडायचं नाही. २०११ पासून ते अभयारण्य आहे आणि तिथून साल-मुळं आणणं हा गुन्हा आहे.

हळदीचं तेल

हळदीबद्दल एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याच्या वापरावर पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) ते आव्हानित केलं आणि हा वापर भारतात पूर्वापार आहे हे दाखवून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. त्यात वापर जुना आहे एवढं सिद्ध झालं. कुठल्या जखमेवर किती हळद, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातातली हळद कशी आहे यावर अवलंबून आहे.

म्हणून तयार पूड नको, हळकुंडं घ्या. सुट्या पुडीत रंग उठावदार दिसावा म्हणून घातलेलं लेड क्रोमेट सापडलेलं आहे. ते शिशाचं विष आहे. हळकुंडाला बाहेरून पॉलिश असतं, ते धुऊन, वाळवून मग फोडा. आत गडद नारिंगी-पिवळं, काचेसारखं चकचकीत तुटणारं हळकुंड चांगलं. फिकट, पिठूळ तुटणारं जुनं असतं किंवा नीट शिजवलेलं नसतं. रायबाग-चिकोडीकडची किंवा सांगलीची हळद हाताशी आहे, बेळगावच्या बाजारात ती अख्खी मिळते.

साधी रीत: २५० मिली लाकडी घाण्याचं तीळतेल किंवा खोबरेल, ३० ग्रॅम हळकुंडाची भरड. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं कोरडं पातेलं, त्यात तेल आणि भरड. खालचं पाणी खदखदू द्यायचं नाही, वाफ येत राहील एवढीच आच. २ तास, दर १०-१५ मिनिटांनी ढवळत. तेल सरळ आचेवर धरलं की भरड तळाला लागते, करपते, आणि ते करपट तेल कातडीला झोंबतं. मग गाळून, एक रात्र न हलवता ठेवून, वरचं नितळ तेल अलगद दुसऱ्या बाटलीत घ्या. तळाचा गाळ घेऊ नका, पाण्याचा अंश असला तर तो तिथंच असतो.

पाकाची रीत जास्त वेळ खाते, पण पाण्यात उतरणारं द्रव्यही तिच्यात थोडंफार तेलाला लागतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला २५० ग्रॅम, ४ लिटर पाण्यात उकळून १ लिटर काढा करा. तेल २५० मिली, हळकुंडाच्या पुडीचा पाण्यात वाटलेला कल्क ४० ग्रॅम आणि हा काढा, तिन्ही जाड बुडाच्या, निम्म्याहून जास्त रिकाम्या राहणाऱ्या पातेल्यात एकत्र करा. रिकामी जागा हवीच, शेवटी तेल फेसाळून वर येतं. आच मंद. पाणी आटेपर्यंत कित्येक तास लागतात. एका दिवसात उरकायची घाई न करता दोन दिवसांत केलं तरी चालतं, मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळी आणून पुढं जायचं.

पाक झाला हे ओळखायच्या खुणा तीन, आणि तिन्ही बघायच्या. कल्क बोटांत घेऊन वळला की त्याची वात होते, बोटांना चिकटत नाही. त्या वातीचा तुकडा ज्योतीवर धरला तर चटचट आवाज येत नाही. आवाज आला म्हणजे आत पाणी आहे. आणि तेलावर फेस येतो. तुपाच्या पाकात याच्या उलट होतं, झालेल्या तुपावरचा फेस शमतो, त्यामुळे तेलाची खूण तुपाला लावू नका. वात कडक होऊन चुरायला लागली तर पाक पुढं गेला, कल्क काळा पडला तर ते तेल टाकून द्या. गाळायचं ते गरम असतानाच, पण फडकं आणि गाळणं शंभर टक्के कोरडं हवं. ओल्या फडक्यावर गरम तेल उडतं, हात भाजतात, आणि जे पाणी आटवायला दिवस घालवला तेच पुन्हा तेलात जातं.

बाटली काचेची, गडद. १० मिनिटं उकळून उलटी ठेवून पूर्ण वाळवलेली. २५० मिली तेलाला ई जीवनसत्त्वाच्या ४०० मिलीग्रॅमच्या दोन कॅप्सूल फोडून घातल्या तर खवटपणा उशिरा येतो. तेल ६ महिने टिकतं. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला की संपलं.

लावायचं ते भरत आलेल्या, कोरड्या खरचटण्यावर, किड्याच्या चाव्यावर, रखरखीत कातडीवर, पातळ बोट फिरवून. ताज्या उघड्या जखमेत हळद भरू नका, आणि यामागचं कारण नीट समजून घ्या. जखमेला जंतू लागलेत हे आपण रंगावरून ओळखतो: कडेची लाली पसरते, पू पिवळा-हिरवा होतो. हळदीनं सगळंच पिवळं केलं की या खुणा झाकल्या जातात आणि दवाखान्यात जायला दोन-तीन दिवस उशीर होतो.

जात्यादि तेल, म्हणजे जखमेवरचं तयार आयुर्वेदिक तेल, घरी करायच्या भानगडीत पडू नये. त्यात मोरचूद पडतं, माप चुकलं तर ते कातडी जाळतं. परवाना असलेल्या कंपनीचं, तारीख बघून घ्यावं.

कडुनिंबाचं आणि करंजाचं तेल वरूनच. खोबरेलात शेकडा २ ते ५ एवढंच, म्हणजे १०० मिलीत जास्तीत जास्त एक चहाचा चमचा. कडुनिंबाचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर झटके येण्यापर्यंत मजल जाते, बाटलीवर ठळक लिहून उंच ठेवा. आणि खरजेला नुसत्या करंज तेलावर विसंबू नका. खरूज घरभर पसरते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ५ टक्के परमेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, आठवड्यानं पुन्हा, आणि अंथरुण-कपडे गरम पाण्यात धुवायचे.

कोकमतेल आणि भेगांचं मलम

खानापूरच्या पश्चिमेला, चोर्ला घाटाच्या वाटेवर, भेगांना कोकमतेलाइतकं दुसरं चांगलं औषध नाही. भिरंडेल म्हणा, मुठेल म्हणा. एप्रिल-मेमध्ये रातांब्याची सालं आमसुलाला गेली की बिया उरतात. त्या धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, फोडून आतला गर काढायचा, कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तरंगणारी चरबी पळीनं काढून गार करायची, आणि थिजायला लागली की मुठीत दाबून गोळे करायचे. बोटांच्या खुणा उमटलेला, पांढरट-राखाडी, नखानं खरवडला तर भुगा पडणारा गोळा चांगला. हा गोळा ३८ ते ४२ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून हातात कडक राहतो आणि टाचेवर घासला की सुटतो. बोटाला मेणबत्तीसारखा बुळबुळीत लागला आणि घासूनही मुरला नाही, तर त्यात पॅराफिन मिसळलंय असं समजा.

मलमाचं माप, १०० ग्रॅमसाठी: हळदीचं तेल ६५ ग्रॅम, कोकमतेल २० ग्रॅम, मधमाशीचं मेण १५ ग्रॅम. वजन डिजिटल काट्यावर, चमच्यानं नाही. आधी मेण पाण्यावरच्या भांड्यात वितळवा, ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. मग कोकमतेल, मग हळदीचं तेल. एक थेंब गार चमच्यावर टाकून दोन मिनिटांनी बोट फिरवून बघा. सैल वाटलं तर मेण २ ग्रॅम वाढवा. अथणी-चिकोडीच्या उन्हाळ्यात १५ ग्रॅम मेणाचं मलम डबीत पातळ होतं, तिथं १८ ग्रॅम धरा. कणकुंबीच्या थंडीत १३ ग्रॅमही पुरतं.

मलम दाणेदार होणं ही नेहमीची तक्रार. कोकमतेल हळूहळू गार झालं की त्याचे कण वेगळे बसतात. त्यावर उपाय म्हणजे पुन्हा ७० अंशांपर्यंत गरम करा, आचेवरून उतरवा, भांडं गार पाण्यात ठेवून सतत ढवळा, साईसारखं दाट होत आलं की डब्यांत ओता. ढवळताना पाण्याचा एक शिंतोडाही आत जाऊ देऊ नका.

भेगांसाठी: रात्री पाय १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात, मऊ झालेली कातडी वजरीनं हलक्या हातानं घासायची. ब्लेड, सुरी नको. टिपून घ्या, पूर्ण कोरडं होऊ देऊ नका, ओलसर टाचेवरच मलम चोळा आणि सुती मोजा घाला. सलग १०-१५ रात्री केलं तर फरक दिसतो. अधूनमधून केलं तर दिसत नाही. भेग रक्ताळलेली असेल तर आधी ती बुजू द्या.

भेगेत बिब्बा तापवून घालायची जुनी रीत सोडून द्या. बिब्ब्याचं तेल कातडी अक्षरशः भाजतं, आणि काहींना एकदा लागलं की पुढं सगळ्या अंगावर फोड येतात. काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीकही त्याच कुळातले. ज्याला बिब्बा बाधला त्यानं काजू सोलताना हातमोजे घालावेत, काम संपल्यावर साबणानं धुऊन खोबरेल लावावं.

कोरफड

निब्बर, तीन वर्षांच्या आसपासच्या झाडाचं बाहेरचं पान बुडाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून अर्धा तास उभं ठेवा. पिवळा कडू चीक गळून जाऊ द्या. ज्यांना कोरफडीनं खाज सुटते त्यांच्यातल्या बहुतेकांना हा चीक बाधलेला असतो. मग काटेरी कडा, दोन्ही बाजूंची हिरवी साल काढा, पांढरा पारदर्शक गर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदा खळबळून घ्या. सालीला खेटलेला पिवळसर थर खरवडून गरात घेऊ नका. मिक्सरला लावलं की फेस येतो, तो बसू द्या. गर झाकून फ्रिजमध्ये, जास्तीत जास्त तीन दिवस. गुलाबी-तपकिरी झाला की टाका.

उन्हानं तापलेली कातडी, फोड न आलेलं किरकोळ भाजणं (पाण्याखाली धरून झाल्यावर), डासांचे चावे, याला तो उत्तम. खोल जखमेवर मात्र नको. सिझेरियन आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवरचा एक अमेरिकन अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोरफडीचं जेल लावलेल्या बायकांच्या जखमा भरायला सरासरी ८३ दिवस लागले, नेहमीची मलमपट्टी केलेल्यांच्या ५३ दिवसांत भरल्या. टाके घातलेल्या जागेवर घरची कोरफड लावायला सांगणाऱ्यांना हे सांगा.

दगडीपाला आणि कारिवणा

दगडीपाला, ज्याला एकदांडी किंवा कंबरमोडीही म्हणतात, उंदरांवरच्या प्रयोगांत जखम भरायला मदत करतो असं दिसलंय. शेतात तो हाताशी असतो, म्हणून वापरला जातो. पण तो जमिनीला चिकटून वाढतो, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. वापरायचाच तर १०-१२ कोवळी पानं तीन पाण्यांतून धुवा, शेवटचं पाणी उकळलेलं असू द्या. स्वच्छ धुतलेल्या खलात कुटा, उकळलेल्या कापडातून रस पिळा, तो धुतलेल्या वरवरच्या कापावर दोन-तीन थेंब. तळहातावर चोळून किंवा दातानं चावून लावणं म्हणजे तोंडातले आणि हातावरचे जंतू जखमेत पेरणं. ज्यांना गाजर गवताची खाज सुटते त्यांनी हा पाला टाळावा, दोन्ही एकाच कुळातली आहेत. शेवंती, झेंडूही त्याच कुळातले. परदेशी मलमांवर असलेलं कॅलेंड्युला म्हणजे आपला झेंडू नव्हे, वेगळं झाड आहे. पाकळ्या कुटून तसलं मलम करू नका.

कारिवणा भाताच्या बांधांवर, ओढ्याकाठी सापडतो, कन्नडमध्ये त्याला ओंदेलग म्हणतात. त्यातलं एशियाटिकोसाइड नव्या कातडीतलं कोलॅजेन वाढवतं, म्हणून जखम पूर्ण बुजल्यावर व्रण मऊ करायला हा वापरावा. पावसाळ्यात पाला वाळवू नका, जांबोटीच्या दमट हवेत तो वाळायच्या आधी बुरशी धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सावलीत, पातळ पसरून, चुरचुरीत होईपर्यंत.

वाळलेली पूड २० ग्रॅम, ग्लिसरीन ६० मिली, उकळून गार केलेलं पाणी ४० मिली. काचेच्या बाटलीत दोन आठवडे, रोज एकदा हलवून, सावलीत ठेवा, मग गाळून पिळून घ्या. ग्लिसरीन ६० मिलीपेक्षा कमी केलंत तर बुरशी येते. चिकटपणा कमी करायला पाणी वाढवणाऱ्यांचा अर्क नासतो तो यामुळे. लावताना कातडी ओली हवी. दोन थेंब, व्रणावर दोन मिनिटं बोटानं गोल मालीश, दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने. उन्हात जायचं असेल तर व्रण झाका, नाहीतर तो काळा पडतो.

गजकर्णाला टाकळ्याचा पाला लावतात. वाईट नाही, पण कमजोर आहे. खरा धोका दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबचा. त्यानं खाज चार दिवसांत थांबते आणि गजकर्ण आत पसरून महिनोन्महिने जात नाही. दोन आठवड्यांत फरक नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मधाबद्दल सारखं विचारलं जातं. इस्पितळात जखमेला वापरतात तो मध किरणोत्सर्गानं निर्जंतुक केलेला असतो. जंगलातून आणलेल्या पोळ्याच्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, तो उघड्या जखमेवर नको.

लावण्याआधीची परीक्षा आणि नोंद

कुठलाही नवा अर्क कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, किमान तीन दिवस, जमलं तर आठवडाभर लावून बघा. लाली, पुरळ, खाज आली तर तो अर्क तुमच्यासाठी नाही, विरल करूनही नाही. बाळांना आणि गरोदर बायकांना वैद्यांना विचारल्याशिवाय काही लावू नका.

झाड ओळखण्यात शंका असेल तर फुलासकट फांदी घेऊन आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागात दाखवा. बेळगावात ती सोय आहे, शिवाय पारंपरिक वैद्यकावर काम करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्थाही इथंच आहे.

बाटलीवर झाडाचं नाव, कुठला भाग, कशात काढला, तारीख आणि ‘फक्त बाहेरून’ एवढं लिहायचं. हे मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा, घरात ज्याच्या हाताला बाटली लागेल त्याला वाचता आली पाहिजे. जखमेवर लावल्यानंतर २४ तासांनी गॉज काढून बघा: लाली कडेपासून पुढं सरकली, जागा गरम लागली, ठसठस वाढली, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर सगळं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे. सोबत बाटली न्या, काय लावलं हे त्यांना कळायला हवं.

बचत गटांनी हे तेल-मलम विकायचं ठरवलं, तर ‘जखम भरतं’ किंवा ‘गजकर्ण जातं’ असं लेबलवर लिहिताच ते औषध ठरतं, आणि १९४० च्या औषध व सौंदर्य प्रसाधन कायद्याप्रमाणे परवाना लागतो. घरच्या कढईत केलेलं तो परवाना मिळाल्याशिवाय बाजारात नेऊ नका.